दोऱ्यानं मोजलेलं अंतर

आमच्या गल्लीच्या तोंडाशी विमानाची तिकिटं काढून देणारा एक एजंट बसतो. सगळे त्याला दोरेवाला म्हणतात. खुर्चीमागच्या भिंतीवर नकाशा आणि त्यावर खिळ्याला टांगलेला गाठींचा दोरा. एक गाठ म्हणजे शंभर किलोमीटर. गिऱ्हाइकानं शहर सांगितलं की हा तो दोरा ताणणार, डोळे मिटणार आणि निकाल देणार: सहाशे दहा, सव्वा तास. बसनं जातो म्हणणाऱ्याकडे तो असा बघायचा, जणू त्यानं रांगत जातो म्हटलंय. स्वतः मात्र पठ्ठ्या बावीस वर्षांत विमानाची शिडी चढला नव्हता.

त्या सहाशे दहावर त्याची थोरली बहीण एकटी राहायची. नवरा गेलेला, पोरबाळ नाही, आणि ह्याला लहानाचा मोठा तिनंच केलेला. ती फोनवर ये रे म्हणायची. हा म्हणायचा, सव्वा तासावर तर आहेस, कधीही येईन. आणि जिथे कधीही जाता येतं तिथे माणूस कशाला जातोय? चार वर्षं अशीच सरली.

मग ताईच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन दुपारी दोनला ठरलं. तिनं बजावलं, तू डोळ्यांना दिसल्याशिवाय मी आत जायची नाही. बायको म्हणाली, आदल्या दिवशीच बस धरा. ह्यानं तिला दोरा दाखवला. साडेअकराला उडायचं, पाऊण वाजता उतरायचं, दीडला ताईच्या उशाशी. दुकान बुडू नये म्हणून परतीचं तिकीटही त्याच दिवशी रात्री नऊचं काढलं.

विमानतळ मात्र दोऱ्यावर बसत नव्हता. तो गावाबाहेर चाळीस किलोमीटर, तोही उलट्या अंगाला. तिथे पट्टा काढा, बूट काढा, रांगेत उभे राहा. विमान हललं एकला. पोचल्यावर खाली जागा नाही म्हणून घिरट्या घालत बसलं. खिडकीतून ताईचं शहर तीनदा आलं नि तीनदा मागे गेलं. उतरल्यावर टॅक्सी पुलावर अडकली. दवाखान्यात पाऊल पडलं तेव्हा पावणेपाच वाजले होते.

ताई हिरव्या झग्यात, पाय पोटाशी घेऊन बसलेली. डॉक्टर दोनदा समजावून आणि तिसऱ्यांदा चिडून गेले होते. नर्सनं ह्याला फैलावर घेतलं: बाईंनी खाटेचा दांडा सोडला नाही, आता उद्या सकाळी सातला. तोवर कळा त्यांनी काढायच्या, तुम्ही या सावकाश विमानानं.

दोरेवाला मान खाली घालून उभा. ताईनं आधी विचारलं, जेवलास का. मग म्हणाली, "परत कधी जायचंय?"

तिकीट खिशात होतं. रद्द केलं तर छदाम परत न मिळणारं. हा नियम गिऱ्हाइकांना तोच ठणकावून सांगायचा.

"परतीचं तिकीटच मिळालं नाही, ताई."

"तुला मिळालं नाही?" ताईला हसू फुटलं, तसं तिनं पोट धरलं आणि त्याला टेकायला जरा सरकून जागा केली. "मग चार दिवस तरी नाही मिळायचं, काय?"

"आठवडाभर नाही," दोरेवाला म्हणाला आणि बूट काढून खाटेवर बसला.