बोर्डामागचा उकाडा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिच्यापाशी तर मी चोरून खाल्लेला गूळही कबूल करतो.

साठ सालानंतरची गोष्ट. अकोल्याच्या कापसाच्या जिनिंगमधले आम्ही दोघे वायरमन, मी आणि नांदगाव खंडेश्वरचा सुखदेव, मालवाहू जहाजावर लागलो. काम काय? यंत्रांचा ताप पाहणं. डायनॅमो, मोटारी, स्विचबोर्ड – सगळीकडे थर्मामीटर टांगलेले. पाळीभर फिरत राहायचं, पारा वाचायचा, चढला की ओरडायचं.

मोठ्या पंपाच्या बोर्डामागची जागा म्हणजे भट्टी. तिथं कोण शिरणार? मी. पहिल्याच दिवशी फुशारकी मारली होती ना – "अकोल्याच्या माणसाले काय उकाडा दाखवता? आमच्या इकडं सावलीलेही घाम येते."

आणि मला ते सोसेना. दुसऱ्याच फेरीला घेरी आली. पण हे सांगायचं कसं – अकोल्याच्या माणसानं? मग मी बाहेरच, पंख्याच्या झोताखाली उभा राहून आदला आकडा सांगू लागलो. हुशारच की नाही?

एका दुपारी पंप सुरू करण्याआधी सुखदेवनं विचारलं, "मांगं पाह्यलं का रे?"

"पाह्यलं. थंड हाय."

पाहिलं नव्हतं. आत तांब्याचा एक सांधा ढिला होऊन तापत होता. त्यानं स्विच दाबला आणि जाळ थेट त्याच्या तोंडावर आला. डोळे गेले – दोन्ही.

चौकशीत मी म्हणालो, पारा ठीक होता. मग चूक कुणाची उरली?

पुढं सुट्टीत नांदगावला त्याच्याकडे गेलो. त्याच्या आईनं पिठलं-भाकर वाढली. म्हणाली, "तू होता म्हनून तिथं त्याले कोनी आपलं होतं, बाबू."

तेवढ्यात एक शेजारी बिघडलेला रेडिओ घेऊन आला. सुखदेवनं हात मागे घेतले. "मले नोको देऊ. या हाताचा भरोसा नाही."

जिनिंगमध्ये वीज गेली की हाच अंधारात चाचपून तारा जोडायचा – डोळ्यांवाचून. तो माझ्याकडे वळला. "तू तं मांगं पाह्यलं होतं नं?"

"हो."

"मंग माह्याच हातानं काही उलटं झालं असन."

सांगता आलं असतं. आई आत होती, शेजारी निघून गेला होता. काय आडवं आलं – अजून तो अकोल्याचा उन्हाळाच?

मरेपर्यंत त्यानं तारेला हात लावला नाही. मी त्या दिवशी भाकर संपवली, हात धुतले आणि संध्याकाळच्या मोटारीनं अकोल्याला परतलो.