बिनदोऱ्याची मशीन

शिंपीणबाईंना त्या छावणीत येऊन दीड वर्ष झालं होतं, आणि दीड वर्षात त्यांना एक गोष्ट पक्की समजली होती. निर्वासितांना इथे पीठ कमी पडेल, औषध कमी पडेल, पांघरूण तर हमखास कमी पडेल. फलक मात्र कधी कमी पडायचा नाही. हात धुवा, फलक. रांग मोडू नका, फलक. जो नळ आठवड्यातले चार दिवस कोरडा, त्याच्याच डोक्यावर ‘पाणी जपून वापरा’, तोही दोन रंगांत.

या सगळ्या फलकांचा आजोबा होता केंद्राच्या दारावर. सहा फूट लांब, लालभडक अक्षरं : ‘अत्याचारग्रस्त महिला मदत केंद्र’. खाली बारीक अक्षरांत, ‘आपली माहिती संपूर्ण गुप्त राहील’. आणि हे गुप्त दार कुठे, तर बरोब्बर पाण्याच्या मोठ्या नळासमोर, जिथे दोन-दोन तास तीनशे बाया कॅन घेऊन उभ्या. इंजिनिअरनं म्हणे नकाशा पुढ्यात घेऊन मुद्दाम ती जागा शोधली होती, जास्तीत जास्त बायकांच्या नजरेला पडावी म्हणून. पडली ना! आत पाऊल टाकणारी बाईही तितक्याच जणींच्या नजरेला पडणार, एवढं मात्र त्या हुशार माणसाला सुचलं नाही.

साहजिकच चार महिने केंद्रात चिटपाखरू फिरकलं नाही. पडद्यामागच्या खोलीत नर्सताई बसायच्या आणि माश्या मारायच्या. नोंदवहीत शून्य. दर महिन्याच्या बैठकीत केंद्र चालवणाऱ्या मॅडम ते शून्य वाचून दाखवायच्या आणि छावणीचे मोठे साहेब टाळ्या वाजवायचे. “छावणीतला अत्याचार आपण शून्यावर आणला,” असं ते एकदा म्हणाले तेव्हा शिंपीणबाई मागे चहाचे कप गोळा करत होत्या. एखादा कप साहेबांच्या डोक्यावर पडला तर बरं होईल, असं त्यांच्या मनात आलं. पण कप छावणीचे होते, फुटले असते तर आणखी एक फलक लागला असता.

शिंपीणबाईंचं काम म्हणजे केंद्र झाडायचं, चहा करायचा आणि दुपारी दोन ते चार बायकांना शिवण शिकवायचं. शिवण शिकायलाही कोणी येत नसे, कारण दार तेच. बाई चाळीस वर्षं शिवून कसलेली शिंपीण. गाव सोडून पळाल्या तेव्हा हातात फक्त कात्री होती. नवरा म्हणाला, दुकानाला कुलूप लावून येतो, तुम्ही पुढे व्हा. त्या पुढे झाल्या. तो अजून कुलूपच लावतोय. आता तंबूत त्या आणि त्यांची नणंद, दोघीच. नणंदेचं तोंड इतकं चालायचं की शेजारच्या तंबूतली माणसं मध्येच उत्तर द्यायची.

छावणीतल्या प्रत्येक ओळीला एक मुकादम असे. तो आपल्या ओळीची रेशनकार्डं सांभाळायचा आणि वाटप करायचा. यांच्या ओळीचा मुकादम भारदस्त माणूस. आवाज खणखणीत, इस्त्री नसतानाही शर्ट कडक. साहेबांना तो इतका आवडला की त्यांनी त्याला महिला सुरक्षा समितीचा अध्यक्ष केलं. समितीत पाच माणसं होती, पाचही पुरुष. बायका नाहीत का, असं नणंदेनं विचारलं तर कळलं की बायकांना पाण्याच्या रांगेमुळे वेळ होत नाही.

या अध्यक्षांची एक सून होती. मुलगा लढाईत बेपत्ता झाला तेव्हापासून ती सासऱ्याच्या तंबूत, आणि तिचं कार्ड सासऱ्याच्या खिशात. वय फार तर बावीस. भर उन्हात, अंगाची लाहीलाही होत असताना, ही पोर बाह्या ओढून ओढून मनगटापर्यंत आणायची. शिंपीणबाईंची नजर बाह्यांवर न जाऊन कुठे जाणार? जन्म गेला त्यांचा बाह्या लावण्यात. बाही कोण हौसेनं लांब ठेवतं आणि कोण लपवण्यासाठी, हे त्यांना दहा हातांवरून कळे.

सून रांगेत उभी राहून रोज फलक वाचायची. एका बुधवारी ती रांग सोडून निघाली आणि केंद्राच्या पायरीपर्यंत आली. शिंपीणबाईंनी झाडू खाली ठेवला. तेवढ्यात रांगेतून कुणीतरी ओरडलं, “अगं, तुझं गं काय काम तिथे?” झालं. पोर तिथल्या तिथे वळली. पुढचे चार दिवस ती नळावर दिसली नाही. पाचव्या दिवशी आली ती डोक्यावरून पदर पार डोळ्यांपर्यंत ओढून, आणि कॅन डाव्या हातानं उचलत. उजवा हात उचलतच नव्हता.

त्या दिवशी शिंपीणबाईंनी झाडू कोपऱ्यात भिरकावला. त्या तडक मॅडमकडे गेल्या.

“मॅडम, तो फलक काढा.”

“मावशी, फलक मंजूर आराखड्यात आहे,” मॅडम म्हणाल्या. पोरगी वाईट नव्हती, नुसती भित्री होती. “काढायचा तर वर पत्र पाठवावं लागेल. तीन महिने लागतील.”

“आणि वारा आला आणि पडला तर?”

“मग दुरुस्तीचा अर्ज. त्याला सहा महिने.”

शिंपीणबाईंनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी वारा आला. म्हणजे शिंपीणबाई, त्यांची नणंद आणि एक स्टूल आलं. फलक उलटा झाला आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर शिंप्याच्या खडूनं ठसठशीत अक्षरं उमटली : ‘फाटलेले कपडे शिवून मिळतील. फुकट. फक्त बायकांचे.’ मॅडमनी तो वाचला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “सकाळी फार वारा होता, नाही?” त्या दिवसापासून शिंपीणबाईंना ती पोरगी जरा आवडायला लागली.

छावणीत फाटलेल्या कपड्यांना काय तोटा! बाया लोटल्या. निम्म्या जणींचं खरंच फाटलेलं होतं. उरलेल्या निम्म्या उसवलेली शिवण पुढे करायच्या आणि बसून राहायच्या. शिंपीणबाई एक अक्षर विचारत नसत. त्या पायमशीनवर बसायच्या, सुईतला दोरा ओढून काढायच्या आणि पाय चालवायला लागायच्या. खडखड, खडखड. त्या आवाजात पडद्यामागे नर्सताईंना बाई काय सांगते ते भिंतीला टेकून उभ्या असलेल्यालाही ऐकू जायचं नाही. बाहेरच्यांना वाटे, काय काम उपसते म्हातारी! रिकामी मशीन चालवून बाईंच्या पोटऱ्यांत गोळे यायचे आणि नणंद रात्री तेल चोळताना म्हणायची, “वहिनी, शिवता काही नाही, दमता मात्र दुप्पट.”

एवढं सगळं होऊनही एक दार काही उघडेना. मुकादमाची सून येत नव्हती. फलक बदलला तरी सासरा कुठे बदलला होता? तिनं केंद्राकडे बघायचं नाही, अशी त्याची ताकीद होती.

मग शिंपीणबाईंनी त्याची नाडी ओळखली. फुकट म्हटलं की या माणसाचे कान उभे राहतात, हे त्यांना वाटपाच्या वेळी दिसलं होतं. एक दिवस त्या त्याला गाठून म्हणाल्या, “मुकादम, नियमानं आम्ही पुरुषांचं शिवत नाही. पण अध्यक्षांनी उसवलेल्या शर्टात बैठकीला बसायचं, हे आम्हालाच कसंतरी वाटतं. सूनबाईच्या हाती पाठवा. फक्त तिला थांबवून घ्यावं लागेल. अंदाज देणारं माणूस समोर नसलं तर शिवण बिघडते.”

अध्यक्ष फुलले. शर्ट घेऊन सून आली, स्टुलावर बसली, जमिनीकडे बघत राहिली. मशीन बिनदोऱ्याची चालली आणि पोरीनं ब्र काढला नाही. शिंपीणबाईंनी शर्ट परत दिला. काखेतली शिवण त्यांनी कच्च्या धावदोऱ्यानं अशी घातली होती की चार दिवस टिकावी आणि पाचव्या दिवशी उसवावी. चाळीस वर्षांत त्यांच्या हातचा टाका कधी सुटला नव्हता. स्वतःच्या नावाला असा बट्टा लावताना त्यांना वाईट वाटलं, पण फार नाही.

पाचव्या दिवशी सून परत आली. पुन्हा गप्प. तिसऱ्या खेपेलाही गप्प. चौथ्या खेपेला मशीन सुरू झाली आणि ती शर्टाकडे बघत म्हणाली, “मावशी, तुम्ही हा मुद्दाम कच्चा शिवता.”

“हो.”

मग ती उठली आणि आपल्या पायांनी पडद्यामागे गेली. शिंपीणबाई पाऊण तास मशीन चालवत राहिल्या. पायांत गोळे आले, तरी थांबल्या नाहीत. बाहेर आल्यावर नर्सताईंचे डोळे लाल होते. “तिला त्या तंबूतून काढायला हवं,” एवढंच त्या म्हणाल्या. “दुसऱ्या टोकाला बायकांची ओळ आहे, पहाऱ्यातली. पण तिथे जायला स्वतःचं कार्ड हवं.”

स्वतःचं कार्ड मिळायचं तर कुटुंबप्रमुखाची सही लागे. म्हणजे सासऱ्याची. वा, काय नियम! नर्सताईंची चिठ्ठी असेल तर मात्र मॅडमला आपल्या सहीनं कार्ड देता येत होतं, त्यासाठी वेगळे फॉर्मही छापलेले होते. शून्याच्या कौतुकात त्यांचा गठ्ठा कोणी सोडलाच नव्हता. मॅडमनी तो सोडला. दोनदा दाराकडे पाहिलं आणि सही केली. नवं कार्ड तयार होऊन यायला पाच दिवस लागणार होते, आणि पाचव्याच दिवशी मोठे साहेब येऊन थडकले.

कारण नोंदवही. महिन्याभरात शून्याचे एकतीस झाले होते.

“एकतीस?” साहेब केंद्रातच बैठक घेऊन बसले होते. “चार महिने इथे शांतता होती. एका महिन्यात एकतीस? हे शिवणकाम सुरू झाल्यामुळे अत्याचार वाढले, असंच ना?”

“अगदी बरोबर,” अध्यक्ष म्हणाले. “बाया एकत्र बसल्या की डोकी फिरतात.”

दारामागून नणंदेनं खूण केली. कार्ड आलं होतं. आता सुनेचं गाठोडं उचलून छावणीच्या त्या टोकाला पोचायचं, म्हणजे निदान तासभर हवा होता. आणि अध्यक्ष तर घड्याळाकडे बघत होते. वाटेत मुकादमानं गाठलं तर कार्डही जाईल आणि पोरही, हे शिंपीणबाईंना लख्ख दिसलं. त्यांनी चहा ओतला.

“मुकादम,” त्या चहाचा कप पुढे करत म्हणाल्या, “आम्हा अडाणी बायकांना जरा नीट समजावून सांगा ना. बाईनं कसं वागावं म्हणजे घरात शांतता राहते?”

जन्मात असा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. मुकादम खुर्चीत सरसावून बसला. तो संयमावर बोलला, मर्यादेवर बोलला, घराण्याच्या अब्रूवर तर वीस मिनिटं बोलला. थांबायला लागला की शिंपीणबाई म्हणायच्या, “आणि सुनांनी?” की पुन्हा सुरू. साहेब लिहून घेत होते. मॅडम टेबलाखाली हात घट्ट आवळून बसल्या होत्या. सव्वा तासानं नणंद दारात येऊन उभी राहिली. दम लागला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती काही बोलत नव्हती. तिनं फक्त मान हलवली.

शिंपीणबाईंनी मुकादमाचा रिकामा कप उचलला.

चौकशी होईपर्यंत केंद्र बंद ठेवायचं आणि फलक सरळ करायचा, असं ठरलं. “अनुकूल असतील त्यांनी हात वर करा,” साहेब म्हणाले. अध्यक्षांचा हात सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत उंच गेला. टर्रकन आवाज झाला आणि शर्ट काखेपासून कमरेपर्यंत उसवला.

“सूनबाईला पाठवतो संध्याकाळी,” तो चिडून म्हणाला. “नीट शिवा एकदाचं.”

“नको,” शिंपीणबाई दारावरच्या फलकाकडे बोट दाखवत म्हणाल्या. “फक्त बायकांचे.”

मुकादमानं त्या दिवशी काय काय थयथयाट केला ते सांगण्यात अर्थ नाही. बायकांच्या ओळीच्या फाटकावर त्याला अडवलं. कार्डावर मॅडमची सही होती आणि मॅडम त्याच्या तोंडावर म्हणाल्या, “हो, माझीच.” ओळीची कार्डं त्याच्याकडून काढून घेतली. समितीचं अध्यक्षपद मात्र राहिलं. ते काढायला वर पत्र पाठवावं लागतं.

केंद्राला कुलूप लागलं. पुढच्या महिन्यात नोंदवहीत पुन्हा शून्य, आणि मोठ्या साहेबांकडून अभिनंदनाचं पत्र. मशीन ‘दुरुस्तीसाठी’ म्हणून शिंपीणबाईंच्या तंबूत आली आहे. नर्सताईंचा कोट रोज दुपारी दोन ते चार फाटलेला असतो. तंबूला फलक नाही. बाया बरोबर येतात.

परवा सून आली. सगळ्यांच्या देखत, रमतगमत, हातात स्वतःच्या कार्डावर मिळालेलं निळं कापड. ती स्टुलावर बसली तसा शिंपीणबाईंचा हात सवयीनं सुईकडे गेला आणि त्यांनी दोरा ओढून काढला.

“दोरा राहू द्या, मावशी,” ती म्हणाली. “आज सांगायचं काही नाही. झगा शिवायचाय.”

शिंपीणबाईंना दोरा ओवायला तीन वेळा प्रयत्न करावा लागला. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. मग त्यांनी टेप काढला आणि तिच्या खांद्यावर धरला.

“बाह्या मनगटापर्यंत?”

“छे हो,” सून म्हणाली. “कोपराच्या वर. किती उकडतं.”