शांतवनची चार बोटं

अख्ख्या नाशिकात माझ्याएवढी लांब प्रार्थना कोणी करत नव्हतं. रविवारी सकाळी डोळे मिटून ‘हे प्रभू’ म्हटलं, की ‘आमेन’ थेट जेवायला उठवल्यावरच माझ्या तोंडातून निघायचं.

आमच्या शरणपूरच्या गल्लीत हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून एकदा पाळकसाहेब मुद्दाम माझ्या घरी आले. शाळेनं मला तिसरीतच हात जोडले होते, त्यामुळं बायबल वाचून मनन कर असं मला सांगण्यात अर्थ नव्हता. साहेबांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, याकोब, तू बोटांवर प्रार्थना शिक. अंगठा आपल्याला सगळ्यात जवळ, तर अंगठ्यावर जवळची माणसं. दुसऱ्या बोटावर आपल्याला शिकवणारे. मधलं उंच, त्यावर मोठे लोक, साहेब, पुढारी. चौथं कमजोर, त्यावर आजारी आणि दुखावलेले. करंगळी सगळ्यात शेवटी, तिच्यावर आपण स्वतः. एकेक बोट धरायचं, माणूस डोळ्यापुढं आणायचा, त्याच्यासाठी मागायचं, थोडं गप्प बसायचं, मग पुढचं बोट. रोज, ठरल्या वेळेला.

मी मान हलवली. शेजारी माझा दोस्त शांतवन बसला होता, माझ्याच घरचा चहा फुरकत. त्यानं बशी खाली ठेवली आणि उजवा हात पुढं केला.

“साहेब, मला करंगळीच नाय.”

सातपूरच्या कारखान्यात तो प्रेस चालवायचा, तिथं ती कधीच गेली होती. साहेब जरा गडबडले. म्हणाले, मग स्वतःपुरती डाव्या हाताची धर.

“डाव्या हातानं देवाकडं मागू? राहू द्या. चारात भागवतो.”

तिथून माझं पोट दुखायला लागलं. शिकवणी माझी, चहा माझा, आणि पास झाला तो.

आम्ही दोघं एकाच गल्लीतले, एकाच कंपनीतले. तो प्रेसवर, मी हमालीला. पहिल्या पाळीच्या आधी कोपऱ्यावरच्या टपरीवर रोज आमचा चहा ठरलेला. मी बोलायचो, तो ऐकायचा. माझ्या बोलण्याला हसणारी माणसं गल्लीत पैशाला पासरी होती, पण ऐकणारा तेवढा एकच. पाळकसाहेब येऊन गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी शांतवन टपरीवर आला नाही. मी तरातरा त्याच्या घरी गेलो, तर हा ओट्यावर स्टुलावर बसलेला, डोळे मिटलेले, डाव्या हातात उजवा अंगठा धरलेला. मी खोकलो. मग जरा टीबीवाल्यासारखा खोकलो. डोळे न उघडता तो म्हणाला, “बस. देव कुठं शिफ्टला निघालाय?”

मग ईर्ष्येनं मीही घरी बसायला लागलो. चुलीवर दूध ठेवायचो आणि ते उतू जायच्या आत पाची बोटं उरकायचो. करंगळी आधी घ्यायचो, म्हणजे मुख्य काम राहायला नको. तुझी चार होत नाहीत तोवर माझी पाच होतात, असं त्याला टपरीवर ऐकवलंसुद्धा. तो आपला चहाकडं बघत म्हणाला, “घाईनं एक बोट नेलं, याकोब्या. उरलेली सावकाश वापरू दे.”

मला मात्र एकच किडा चावत होता. मी कुठल्या बोटावर? ओट्याच्या खाली उभा राहून मी त्याच्या ओठांकडं बघायचो. अंगठ्यावर मार्थावहिनी आणि पोरगी, ते बरोबर. दुसऱ्यावर त्याला प्रेस शिकवणारा म्हातारा मिस्तरी. मधल्या बोटावर चक्क आमचा सुपरवायझर! जो आम्हाला धड लघवीलाही जाऊ देत नव्हता, त्याला बोट मिळालं आणि मला नाही. शेवटी तोंड वर करून विचारलंच, तर म्हणतो, “बोटं माझी. तू कशाला मोजतो?”

अंगठ्यावर जागा नव्हती तर चौथ्यावर तरी मिळावी, म्हणून मी आजारी पडलो. गोधडीत शिरून कण्हायला लागलो. बायको बिचारी कामावर न जाता कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसली. संध्याकाळी शांतवन आला. उशाशी बसला, चौथं बोट धरलं आणि कितीतरी वेळ गप्प राहिला. मला असं गार वाटलं म्हणून सांगू. त्यानं डोळे उघडल्यावर मी खोल आवाजात विचारलं, माझ्यासाठी ना?

“तुझ्या बायकोसाठी. भोगतीय ती. तू नुसता झोपलाय.”

पुढं पुढं गल्लीतली माणसं ओट्याशी यायला लागली. कोणाच्या पोराची परीक्षा, कोणाच्या सुनेचं बाळंतपण. तो कोणाला देवाचं ज्ञान शिकवत नव्हता. नाव विचारायचा आणि म्हणायचा, “बरं. बसवतो कुठंतरी.” येणारं प्रत्येक माणूस मला बसमध्ये माझ्या सीटवर रुमाल टाकणाऱ्यासारखं दिसायचं. एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. ओट्यावरून उठला की तो टपरीवर यायचा, रोज, जरा उशिरा. आधी माझं ऐकताना त्याचं निम्मं लक्ष घड्याळाकडं असायचं, आता नसायचं. मी तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगत असलो तरी.

कंपनी बंद पडली, केस पांढरे झाले, तरी त्याचं स्टूल हललं नाही. एका सकाळी तो त्यावर बसला तो उठलाच नाही. भिंतीला टेकलेला, चौथं बोट हातात. वहिनींना बराच वेळ वाटत राहिलं, की आज आजारी माणसं जास्त आहेत.

त्याला माती दिली आणि मी रोज बसायला लागलो. दूध न ठेवता. अंगठा धरला की पहिला तोच यायचा, आणि मग बाकीच्या बोटांकडं जाणं व्हायचंच नाही. मी त्याला अंगठा दिला आणि त्यानं मला काहीच नाही, हे काही मनातून जाईना. एक दिवस उठलो आणि वहिनींकडं गेलो. त्या त्याच स्टुलावर बसून तांदूळ निवडत होत्या. म्हटलं, वहिनी, खरं सांगा. तो सगळ्या जगाला बोटांवर बसवत होता. मी होतो का कुठं?

वहिनींनी एक खडा काढून अंगणात टाकला. मान वर केली नाही.

“होता की, भाऊजी. तुटलेल्या करंगळीवर. हे म्हणायचे, ते बोट जाऊन इतकी वर्षं झाली तरी मेलं रोज खाजतं. याकोब्याला तिथंच ठेवलाय.”