सायखेडा ते पेठ, एका बाहुलीपायी

कशी आहात सगळी? मालतीताई, गुडघा आता जिना चढू देतो का? सटाण्याचे अण्णा, खोकला गेला की अजून घर डोक्यावर घेतोय? प्राजक्ता, बाळ तुला दोन घास सुखानं खाऊ देतं ना? मी ठणठणीत आहे, म्हणून तर पेठला जाऊन आले.

त्याचं असं झालं. नाशिकला लहान मुलांच्या आयसीयूत काम करणाऱ्या एक डॉक्टरबाई अभ्यास करतायत. श्वास थांबलेल्या लेकराला दवाखान्यात पोचेपर्यंत कसं तगवायचं, हे गावच्या बायांना शिकवलं तर किती ध्यानात राहतं, अन् मधूनमधून उजळणी घेतली तर फरक पडतो का? शिकायला रबराची बाहुली. आमचं गाव गोदावरीकाठचं, पोरं सदा पाण्यात. अन् बुडालेल्या पोराला उलटं धरून गरगरा फिरवायची खोड अजून गेलेली नाही. पण बाहुली पाहताच बाया उठून गेल्या. माझी धाकटी जाऊ सिंधू म्हणाली, "आक्का, मेल्या लेकराच्या तोंडाला तोंड लावायचं? असलं अशुभ मला नाय जमायचं."

बाया जमल्या नाहीत तर बाहुली दुसऱ्या गावाला जाणार होती. मी म्हटलं, थांबा. पेठकडच्या बाया याच अभ्यासात आधी शिकल्यात ना, त्यांनाच विचारून येते. सिंधूलाही ओढलं.

सायखेड्याहून सकाळची एसटी, नाशकात मिसळ, मग पेठची गाडी. बायांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा सबबी सांगू नका. सावळघाटात पोट ढवळतं. पुढची सीट धरा, लिंबू जवळ ठेवा. सिंधूनं अख्खं लिंबू चोखलं, तरी माझ्या नावानं कुरकुर चालूच.

पेठच्या पुढं एका पाड्यावर, तिथल्या बायांना जमवणाऱ्या सखूआजींकडे नागलीची, म्हणजे आपल्या नाचणीची भाकरी अन् उडदाची आमटी जेवलो. मग आजींनी झोळीतून बाहुली काढली. अंगात झबलं, गालावर काजळाची तीट. त्यांच्या बायाही आधी बिचकल्या होत्या म्हणे. मग आजींनी चक्क बारसं घातलं, घुगऱ्या वाटल्या.

"ही आमची सोनी आहा," आजी म्हणाल्या. "नाव ठेवलेल्या पोरीला मेली कशी म्हणशील? निपचित पडलीय, तिला जागी करायची."

त्यांनी करूनही दाखवलं. एकीला अँब्युलन्स बोलवायला धाडायचं, आपण आधी श्वास द्यायचा, मग छाती दाबायची. सिंधूनं एकच विचारलं, "आत्या कोण झालं होतं?"

परतीच्या घाटात ती बोटांवर काहीतरी मोजत बसली. मला वाटलं, तिकिटाचा हिशेब असेल.

घरी आल्यावर तिनं माळ्यावरचा पाळणा काढला. आळीतल्या बाया जमवल्या. "आत्या मी," म्हणाली, अन् बाहुलीच्या कानात नाव सांगितलं, गोदा. मग तिनंच वाकून पहिला श्वास दिला. गोदाची छाती वर आली, तशा मागं उभ्या राहिलेल्या बाया पुढं सरकल्या.

गाव अभ्यासात राहिलं. हे किती दिवस ध्यानात राहील, ते डॉक्टरबाईंनाही ठाऊक नाही. म्हणून तर अभ्यास. पण सिंधू रोज चूल विझली की गोदाला पुढ्यात घेते.

तुमच्याकडे बुडालेल्या लेकराला काय करतात, ते लवकर लिहून कळवा. उलटं टांगत असाल तर आधी ते थांबवा, अन् मग लिहा. सिंधू रोज विचारणार, कुणाचं उत्तर आलं का.