तू नुसती बस

संगीता गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. झोपेतच गेली म्हणे. शिट्ट्यांवर शिट्ट्या होत राहिल्या, मी तशीच उभी... आणि मनात आलं, आयुष्यात पहिल्यांदाच ही बाई कुठंतरी वेळेआधी पोचली!

परभणीला कॉलेजात आम्ही होस्टेलच्या एकाच खोलीत होतो. वालूरच्या शाळेत कायम पहिली येणारी ही मुलगी कॉलेजच्या पहिल्याच वर्षी तीन विषयांत नापास झाली. पुस्तक उघडलं की हिला खिडकीतली खार दिसायची, मग वाळत घातलेली ओढणी, मग कुणाची तरी घालून द्यायची राहिलेली वेणी. पुन्हा नापास झालीस तर गाशा गुंडाळून घरी ये, असं वडलांनी बजावलेलं. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. "शाळेत कसं जमायचं गं?" मी विचारलं. म्हणाली, "माय शेजारी तूर निवडत बसायची, मी वाचायची. तू बी बस ना. शिकवू नको, नुसती बस." मी स्वेटर विणत बसले. ती पास झाली; स्वेटरची एक बाही मात्र वीतभर लांब झाली.

पुढं ती जिंतूरला शिक्षिका झाली, संसाराला लागली, पण तऱ्हा तीच. कोथिंबीर आणायला जायची आणि स्टँडवर भेटलेली अनोळखी आजी जेवायला घेऊन यायची. चाळिशी उलटल्यावर एका डॉक्टरांनी सांगितलं, हा लक्ष न टिकण्याचा त्रास आहे, लहानपणापासूनचा; आईच्या सोबतीमुळं तो तेव्हा कळला नाही. दवाखान्याच्या दारातूनच तिचा फोन आला. "अगं, मी आळशी न्हाई! लय वर्षं उगंच बोलणी खाल्ली बघ!" ती इतकी हसत होती की मलाच रडू आलं.

मग तिनं घरातली पुढची खोली गल्लीतल्या पोरांना मोकळी करून दिली. शिकवणी वगैरे काही नाही. ज्याचं मन लागत नाही त्यानं यावं, वाचावं. ही आपल्या वह्या तपासत बसायची.

ती गेल्यापासून तिचे यजमान फोनवर एकच सांगायचे, "कशातच मन लागंना बघा." काळजी वाटून परवा मी जिंतूरला गेले. दाराशी चपलांचा ढीग. आत पोरं वाचत होती आणि त्यांच्यामध्ये यजमान पेपर वाचत बसले होते. मी हाक मारणार, एवढ्यात एक मुलगी उठून दाराशी आली.

"मावशी, काकांशी आत्ता बोलू नका," ती हळूच म्हणाली. "आज कुठं त्यांचं मन लागायलंय. म्हणून आमी सगळे बसलोत."

मी चपला काढल्या आणि जाऊन बसले.