सायडिंगवरची बाई

अंबरनाथ पूर्वेला आमच्या चाळीमागे एक बंद पडलेली सायडिंग होती. पूर्वी बाबा कामाला होते त्या कारखान्यात मालगाडीचे डबे त्यावरून येत. कारखाना बंद झाला, रूळ गवतात गेले, आणि भुतांच्या गोष्टी सुरू झाल्या. कुणी बिनमुंडक्याचा गार्ड बघितला, कुणी नुसता हलणारा कंदील.

बाबांची गोष्ट वेगळी. भर दुपारी हिरव्या साडीतली बाई रुळांवरून येते, हातात पितळी डबा, डाव्या चपलेचा अंगठा तुटलाय म्हणून पाय ओढत चालते. "तिकडे फिरकायचं नाही," एवढंच ते शेवटी म्हणायचे.

लहानपणी मी घाबरायचे. आनंदनगरला नोकरीला लागले तोवर भीती गेली, शंका आली. भुताच्या चपलेचा अंगठा कोण बघतं? इतरांच्या गोष्टी दरवेळी बदलायच्या. बाबांची शब्दानेही बदलली नाही.

गेल्या वर्षी रस्त्यासाठी रूळ उपटायला लागले. बाबा रोज जेवण झालं की तिथे जाऊन उभे राहायचे. एके दुपारी मी मागोमाग गेले.

"बाबा, ती बाई कोण होती?"

"कुठली?"

"डबेवाली. तुम्ही तिला जिवंत बघितलंय ना?"

ते जेसीबीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्यातल्याच एकाची बायको. त्याचा डबा घेऊन यायची. त्या दिवशी फाटकावर मी होतो. तिनं विचारलं, जाऊ का? मी न बघताच म्हटलं, जा. इंजिन मागून डबे ढकलत येत होतं."

चौकशीत मात्र बाबांनी सांगितलं होतं, बाई न विचारता रुळांवर गेली.

तिच्या मुलाचं उल्हासनगर कॅम्प चारमध्ये शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. बाबांना पत्ता पाठ होता. रविवारी आम्ही गेलो. बाबांनी उभ्याउभ्या सगळं सांगितलं.

तो स्क्रूड्रायव्हर पुसत ऐकत होता. "वडील गेले आता," तो म्हणाला. "पण त्यांना तुमचं कधीच पटलं नव्हतं. आई विचारल्याशिवाय रूळ ओलांडायची नाही."

त्याने बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. थोड्या वेळाने आम्हीच निघालो.

"पुढे कितीतरी वर्षं तिचा नवरा आणि मी एकाच खात्यात होतो," रिक्षात बाबा म्हणाले. "रोज माझ्याशेजारी जेवायला बसायचा. एका शब्दानेही विचारलं नाही."

तो रोज शेजारी का बसत असेल, हे मला अजून कळलेलं नाही. बाबांना मी ते विचारलेलं नाही.