रोह्याच्या चर्चची हजेरी

"थांबव गाडी! प्रार्थना राह्यलीय!"

रोह्याच्या एसटी स्टँडवर आई मुंबई गाडीच्या पुढ्यात दोन्ही हात पसरून उभी होती. ड्रायव्हरने हॉर्न दाबला, तसा तिचा आवाज आणखी चढला. "दिनकर, मला हॉर्न देतोस? तुझ्या गोवरात रात्रभर उशाशी कोण बसलेलं?" दिनकरने मुकाट्याने इंजिन बंद केलं. मग आई गाडीत चढली आणि पंचावन्न माणसांना, एका कोंबडीला आणि कंडक्टरला मान खाली घालायला लावून तिने माझ्या कुवेतच्या प्रवासावर देवाचा आशीर्वाद मागितला. ही प्रार्थना अर्धा तास चालली असं मी इथे कुवेतमध्ये सगळ्यांना सांगते. चार मिनिटं चालली असेल. पण मागे तीन गाड्या तुंबल्या होत्या हे देवाशप्पथ खरं. शेवटी कंडक्टरनेच सगळ्यांच्या आधी "आमेन" म्हणून डबल बेल मारली.

आईला रोह्यात कोणी नाही म्हणू शकत नसे. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती, आणि रोह्यापासून पलीकडच्या वरसे गावापर्यंत असा एकही कुल्ला उरला नव्हता जिथे नर्सबाईंची सुई गेली नव्हती. पुढारी असो, कंपनीतला साहेब असो, तिच्यासमोर आला की हात आपोआप मागे जायचा.

सुईतून उरलेला सगळा वेळ चर्चचा. आमचं चर्च म्हणजे कौलारू एक खोली, सहा बाकं आणि एक घंटा. पाळकसाहेब पेणहून महिन्यातून एकदाच यायचे. बाकीच्या रविवारी झाडू, घंटा, गीत, वाचन सगळं आईच. कुणाच्या घरी आजारी माणूस असला तर उपासनेनंतर तांदळाची पेज घेऊन तीच जायची, मग तो कुठल्या का धर्माचा असेना. आणि वॉर्डातल्या सवयीने ती दर रविवारी चष्मा लावून हजेरी घ्यायची. माझ्या लहानपणी चोवीस नावांना चोवीस "हजर" यायचे. मग कोणी ठाण्याला गेलं, कोणी पुण्याला, मी कुवेतला. माणसं गेली, नावं वहीत राहिली. गेलेल्यांनो, तुमचंही आहे. तपासून घ्या.

कुवेतला सुट्टी शुक्रवारी, म्हणून उपासनाही शुक्रवारी. हे आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "देवाने तिकडे शिफ्ट बदलून घेतली काय गो?" इथला हॉल एवढा मोठा की पुढच्या रांगेत शिंकलं तर मागच्या रांगेत पुढच्या शुक्रवारी कळतं. एसी, गालिचा, माइक. तमिळवाले उठले की आम्ही मराठीवाले बसायचो. एका शुक्रवारी मला ताप आला, गेले नाही. पुढच्या शुक्रवारी मी तोंड पाडून दारात उभी राहिले, कोणीतरी विचारेल म्हणून. कोणी विचारलं नाही. इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसाला शेकडो रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवते मी, पण माझं नाव घेणारं तिथे कोणी नव्हतं.

अशात मुंबईहून चर्चचे मोठे साहेब रोह्याला आले. पाच म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळं चर्च कशाला, त्याला कुलूप घालू, रोहा पेणला जोडू, असा विचार होता. म्हणजे त्या पाच जणांनी दर रविवारी गुडघे चोळत गाडीत बसायचं, वाटेतलं कासू गाव मागे टाकून पेण गाठायचं, तोवर आमेन झालेलं असणार.

पुढचं सगळं मी तिथे नव्हते म्हणून मला जास्त नीट सांगता येतं.

त्या रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. रात्रपाळी सुटलेले कंपनीवाले गणवेशातच आलेले. दिनकर ड्रायव्हर आलेला. मासळीवाली हिराबाई पाटी दाराबाहेर ठेवून शेवटच्या बाकावर. "मना गाना येत नाय गो बाय, मी नुसती बसतंय."

साहेब खूश. "बाई, मंडळी वाढली की!"

मी असते तर हो म्हणून मान हलवली असती. आई म्हणाली, "नाय साहेब. मंडळी पाच. बाकीच्यांना मी टोचलंय."

साहेबांनी वही ओढली. "आणि ही एकोणीस नावं?"

"गैरहजर."

"वर्षानुवर्षं? मग कमी करा ना."

"मेलेल्यांची कमी करते साहेब. ही जिवंत हायत."

आणि तिने हजेरी सुरू केली. एकेका नावावर बाकांवरून उत्तर येऊ लागलं. "ठाण्याला हाय, मेमध्ये येतो!" "पुण्याला, पोरगी झाली त्याला!" माझं नाव आलं तेव्हा हिराबाई उठून उभी राहिली आणि कुवेतपर्यंत जाईल अशा आवाजात ओरडली, "करुणा ना? येल ती!"

साहेबांनी चहा घेतला आणि म्हणाले, "वर्षभर बघू." ते वर्ष अजून संपलेलं नाही. पेणचे पाळक अजून महिन्यातून एकदा येतात.

आईला इकडे बोलावून मी थकले. "हजेरी कोण घेल?" एवढंच तिचं. मग मीच तोड काढली. रोह्यात रविवारी दहा वाजतात तेव्हा इथे साडेसात असतात आणि मी हॉस्पिटलच्या बसमध्ये असते. बरोबर साडेसातला मी मोठ्याने "हजर" म्हणते. आता शेजारची केरळची मेरीही म्हणते, ड्रायव्हरही म्हणतो. बरं, ड्रायव्हर नाही म्हणत. पण मी म्हणते, एकही रविवार चुकलेला नाही.

परवा फोनवर हे सगळं आईला सांगितलं. म्हटलं, आता तरी माझ्या नावापुढे हजर लाव.

पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला.

"इथं ऐकू नाय आलं," आई म्हणाली. "गैरहजर."